डावी बाजू मोजली नव्हती

८ जानेवारी

टायरवाल्याने दिलेली डायरी दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदा तिच्यात वर्गाच्या नोंदी ठेवायच्या असं ठरवलंय. गॅरेज नऊला उघडतं, मी आठला येतो. मधला एक तास माझा.

गॅरेजमागच्या सिमेंटच्या मैदानावर मोटारसायकल शिकवायला लागून दीड वर्ष झालं. या तुकडीत सात जण. सहा तिशीच्या आतले आणि सातवी माझी वहिनी. वय बावन्न, शाळेत गणित शिकवतात. दादा गेल्यावर त्याची गाडी दोन वर्षं चादरीखाली उभी होती. एके दिवशी वहिनी येऊन म्हणाल्या, "भावोजी, विकवत नाही आणि बघवतही नाही, असं किती दिवस चालायचं? त्यापेक्षा मला शिकवा."

सरळ रस्त्यावर छान चालवतात, वळणावर अडतात. गाडी किती झुकवायची हे त्यांना आकड्यात हवं असतं. मी म्हणतो, अंदाजाने. त्या म्हणतात, अंदाज हा आकड्याचा आळशी भाऊ, नेमकं सांगा. आज घरून कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला नट घेऊन आल्या आणि हँडलच्या मधोमध बसवला. एक गोल फिरून आल्या तर दोरा शून्यावरच. आधी चिडल्या, मग एकदम खूश झाल्या आणि सगळ्यांना गोळा करून समजावलं की वळणात दोराही गाडीबरोबर झुकतो, म्हणून वर बसलेल्याला कोन आतून कळणारच नाही. बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं.

मी इतकी वर्षं गाड्या चालवतोय, मला हे असं सांगता आलं नसतं.

१५ जानेवारी

बाहेरून सांगते ती खुंटी. फूटरेस्टच्या टोकाला खालच्या बाजूने बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा असतो, कंपनी त्याला फीलर म्हणते, आम्ही खुंटी. गाडी फार झुकली की जमिनीला पहिल्यांदा खुंटी टेकते. खर्र आवाज येतो, तळपायाला झिणझिण्या येतात, बिजागरीवरचं फूटरेस्ट जरासं वर उचललं जातं. म्हणजे गाडी सांगते, बास, याहून जास्त नको.

वहिनींना हे नीट सांगितलं. आवाज आला तर घाबरायचं नाही, आहे तिथेच धरायचं, आणखी झुकायचं नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पण आवाज आला की दचकतात. गाडी झटकन सरळ करतात, वळण सुटतं आणि प्लास्टिकचे शंकू उडवत मैदानाच्या कडेला जातात. आज तीनदा झालं. तुकडीतला चष्मेवाला हसला नाही, पण त्याने तोंड फिरवलं.

पंचवीसला वर्गाचं जाहीर प्रात्यक्षिक आहे. फलकावर वहिनींचाच फोटो टाकलाय, खाली 'बावन्नाव्या वर्षी पहिलं वळण'. छापून आलाय, चौकात लागलाही.

२३ जानेवारी

वहिनींचा आत्मविश्वास गेला तर त्या पुन्हा गाडीला हात लावणार नाहीत. त्या आवाजानेच सगळं बिघडतंय. म्हणून काल वर्ग सुटल्यावर त्यांच्या गाडीच्या दोन्ही खुंट्या काढून खणात ठेवल्या. काम पाच मिनिटांचं, पान्याने एकेक बोल्ट. प्रात्यक्षिक झालं की परत बसवीन.

घाईघाईत नाही केलं. गाडी उजवीकडे झुकवून पाहिली, खुंटी नसली तरी आधी फूटरेस्टच टेकतं, ते दुमडतं, काळजी नाही. डावीकडे भिंत होती. गाडी वळवून घ्यायला हवी होती, पण कंटाळा केला. दोन्ही बाजू सारख्याच असतात.

आज वहिनींनी गोल पुरे केले, एकही शंकू पडला नाही. उतरल्यावर म्हणाल्या, "आज आवाजच आला नाही हो."

मी म्हणालो, "आता नीट झुकताय, म्हणून."

इतक्या खूश झाल्या की काय सांगू.

२५ जानेवारी

प्रात्यक्षिक उत्तम. खुर्च्या कमी पडल्या. वहिनींनी आठचा आकडा काढला तेव्हा त्यांच्या शाळेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पुतण्यानेही, म्हणजे वहिनींच्या मुलाने, बँकेतून सुट्टी घेऊन फोटो काढले. अकरा जणांनी नावं नोंदवली. सगळ्यांनी मला विचारलं, या वयात कसं काय शिकवलंत. मी म्हणालो, धीर द्यावा लागतो.

२८ जानेवारी

नव्या तुकडीची धावपळ. खुंट्या राहिल्याच. रविवारी बसवतो.

५ फेब्रुवारी

वहिनी पडल्या.

काल सकाळी चष्मेवाला आणि आणखी एक जण तळ्याकडच्या टेकडीवर निघाले होते, त्यांच्याबरोबर गेल्या. मला विचारलं नव्हतं, विचारायचं कारणही नव्हतं. उतरताना डाव्या वळणावर गाडी एकदम मागून उचलली गेली आणि फेकल्या गेल्या. डाव्या मांडीचं हाड मोडलंय. आत सळई घातली. शुद्धीवर आहेत.

दवाखान्याच्या जिन्यात पुतण्याने विचारलं, "काका, कशामुळे झालं असेल?"

मी म्हणालो, "खडी असेल रस्त्यावर."

६ फेब्रुवारी

टेकडीवर जाऊन आलो. रस्ता झाडून ठेवल्यासारखा साफ. वळणावर डांबरात एक चरा आहे, हातभर लांब, बोट जाईल एवढा खोल. त्याच्या आधी पुसट रेघ असायला हवी होती, खुंटीची. ती नाही. चरा एकदम सुरू होतो.

गाडी गॅरेजात आणली, या वेळी डावीकडे झुकवली. मधल्या स्टँडचा जो पाय फक्त डावीकडे बाहेर येतो, तो फूटरेस्टच्या आधी टेकतो. करंगळीएवढा फरक. स्टँड दुमडत नाही, ते जमिनीत रुततं आणि मागचं चाक उचलतं. खुंटी असती तर त्याच्या बरंच आधी टेकली असती.

हे मला तेव्हाही दिसलं असतं. गाडी फक्त वळवायची होती.

घरी बायकोने विचारलं, ताईंच्या गाडीला तुम्ही मागे काही केलं होतंत ना? नेहमीचं तेलपाणी, म्हणालो. तिने सहज विचारलं असावं.

११ फेब्रुवारी

वहिनींनी आज पहिल्यांदा नीट बोलायला सुरुवात केली. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. खुर्ची ओढून बसलो, आणि त्याच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही हात ढिले सोडून पडायला शिकवलंत म्हणून मनगटं वाचली, डॉक्टर म्हणाले."

मग म्हणाल्या, "खडी नव्हती हं. मी बघितलं होतं. मी आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही, म्हणजे अजून जागा आहे असं धरलं आणि आणखी थोडं झुकले. आवाज आला असणार. मलाच ऐकू आला नसणार."

मी पाण्याचा तांब्या भरायला उचलला. भरलेलाच होता.

१९ फेब्रुवारी

वहिनी घरी आल्या. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून दिली. उंबऱ्याला लाकडी उतार केला. पलंगाची उंची वाढवली, स्वयंपाकघरातला नळ गळत होता तोही बदलला. पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही किती करता आमच्यासाठी. मी पाना पेटीत टाकून निघालो.

बायको हल्ली माझ्याबरोबर तिकडे येत नाही, एकटी जाऊन येते. तिच्या वेळा जमत नसतील.

७ मार्च

सांगून काय होणार, हा विचार रोज करतो. हाड काही आधी जुळणार नाही. वहिनी आणि पुतण्या माझ्यावर भरवसा टाकून आहेत, तो आधारही जाईल. त्यांच्याच भल्यासाठी गप्प राहावं असं वाटतं. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. खोडणार नाही, राहू दे. माणूस स्वतःला काय काय सांगतो ते दिसेल.

२ एप्रिल

वहिनी काठीवर चालायला लागल्या. शाळेत जाणं सुरू झालंय.

पण काहीतरी बिघडलंय. आज उत्तरपत्रिका तपासत होत्या. गुणांची बेरीज केली, पुन्हा केली, मग माझ्यापुढे सरकवली. "जरा बघता का?" पाच आकडे होते. ज्या बाईने शाळेचं वेळापत्रक तोंडी बसवलं, ती मला पाच आकड्यांची बेरीज तपासायला देते. बरोबर होती.

पुतण्याने सांगितलं की दहावीचा वर्ग त्यांनी स्वतःहून दुसऱ्या बाईंना देऊन टाकला. रस्ता ओलांडायचा तर कुणाची तरी वाट बघत उभ्या राहतात. त्याने विचारलं तर म्हणाल्या, मला आता अंदाज राहिला नाही, कानही गेले असतील, वय झालं.

कान तपासून घेतले म्हणे. उत्तम आहेत. तरी त्यांना पटलेलं नाही.

९ एप्रिल

पुतण्या गाडीला गिऱ्हाईक बघतोय. वहिनी हो म्हणाल्या. नीट करून द्या काका, एवढं शेवटचं, असं म्हणाला.

१७ एप्रिल

आरसा, क्लच लिव्हर, हेडलाइट बदलला. टाकीचा पोचा काढला. आणि खुंट्या परत बसवल्या. पाच मिनिटांचं काम.

गिऱ्हाईकाचा जीव धोक्यात घालायचा नाही, म्हणून बसवल्या, हे खरंच आहे. पण बसवल्यावर पहिला विचार आला की आता कुणाला काही कळणार नाही. बोल्ट घट्ट केला, पाना पुसला. मग उठलो तेव्हा मागे बायको उभी होती. दुपारचा डबा द्यायला आली होती.

"आता बसवल्यात?" म्हणाली.

तुला कधी कळलं, विचारलं. म्हणाली, पडल्या त्याच आठवड्यात. कात्री शोधताना खण उघडला, त्यात दोन्ही दिसल्या. गॅरेजवाल्याशी लग्न करून तिला बावीस वर्षं झाली, तिला खुंटी ओळखता येते.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. आधी वाटलं, चार दिवसांत सांगतील. मग ताईंच्या समोर तुमच्याशेजारी बसवेना."

डबा बाकावर ठेवून गेली. मला वाटत होतं, तिच्या वेळा जमत नाहीत.

१८ एप्रिल

सांगितलं.

सकाळी शाळेत जाण्याआधी गेलो. त्या टेबलाशी बसल्या होत्या, काठी खुर्चीला टेकवलेली. मी उभाच राहिलो. म्हणालो, वहिनी, आवाज आलाच नव्हता, कारण आवाज करणारी वस्तूच मी काढून ठेवली होती. आणि मग सगळं सांगितलं. फलक, प्रात्यक्षिक, आता नीट झुकताय म्हणालो ते, भिंत, खडी. मध्ये एकदा माझी भाषा सारवासारवीकडे वळली, 'तुमचा धीर जाऊ नये म्हणून' असं काहीतरी. त्यांनी हात वर केला आणि मी थांबलो.

मग त्या प्रश्न विचारू लागल्या, वर्गात विचारतात तसे, एकेक, शांतपणे. कोणत्या दिवशी काढल्या? किती उंचीच्या होत्या? उजवीकडे किती अंतर राहत होतं? आणि डावीकडे?

"डावीकडे मोजलं नव्हतं."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली. चाक, फूटरेस्ट, स्टँडचा पाय. दोन रेघा मारल्या, मधला कोन बघत राहिल्या.  मग म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर होते."

"हो."

"खुंटी असती तर मी थांबले असते."

"हो, वहिनी."

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. हायसं वाटल्यासारखं होतं काहीतरी, आणि ते बघून मी मूर्खासारखा एक पाऊल पुढे सरकलो. त्याबरोबर ते गेलं.

"पाय मोडला, ते मी सोसलं असतं, भावोजी. चूक कुणाकडूनही होते. पण गेले अडीच महिने मी स्वतःला कामातून गेलेली समजत होते. दहावीचा वर्ग सोडला. कानाच्या डॉक्टरकडे गेले. आणि तुम्ही इथे, या खुर्चीत बसून चहा पीत होतात."

मी त्या खुर्चीपासून मागे सरलो.

"बेरीज बरोबर आहे म्हणालात मला. तेव्हाही नाही सांगावंसं वाटलं?"

"वाटलं."

"मग?"

"भीती वाटली."

त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, काठी घेतली. दाराशी जाऊन म्हणाल्या की मुलाला मी सांगणार नाही, ते तुम्हीच सांगायचं, आजच. आणि इतके दिवस माझ्याकडे येत होतात, आता काही दिवस येऊ नका.

रस्त्यापलीकडे रिक्षा उभी होती. मी हात द्यायला सरसावलो. त्यांनी बघितलं नाही. दोन्हीकडे नजर टाकली आणि एकट्या पलीकडे गेल्या.

त्याच दिवशी, दुपारी

बँकेत जेवणाच्या सुट्टीत पुतण्याला गाठलं. बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. तो रागावेल, ओरडेल असं वाटलं होतं. तो डब्याचं झाकण लावून उठला. म्हणाला, "काका, मी आईला काय काय बोललो ते तुम्हाला माहीत आहे का? या वयात कुणी सांगितले होते हे धंदे, असं बोललो. दवाखान्यात. ती गप्प पडून होती."

मग आत गेला. हातातलं जेवण तसंच.

४ मे

गाडी विकली जाणार नाही. पुतण्या एका गॅरेजवाल्याला घेऊन आला आणि ती टेम्पोत घालून घेऊन गेला. पलीकडच्या पेठेतला मिस्त्री आहे, कामाला चांगला. मी चावी दिली. मिस्त्रीने माझ्यादेखत खाली वाकून खुंट्या हलवून बघितल्या, मग गाडी दोन्ही बाजूंना झुकवून बघितली. योग्यच केलं. माझे कान तापले, तेही योग्यच.

बायको रोज तिकडे जाते. वहिनींनी दहावीचा वर्ग परत मागून घेतला, एवढं तिच्याकडून कळलं. माझ्याबद्दल काही बोलतात का, विचारलं. नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, तुमच्याबद्दल आम्ही दोघी नाहीच बोलत.

२० मे

फलक काढला. फोटो फाडवेना, गुंडाळून माळ्यावर टाकला.

वर्ग बंद करायचा विचार बायकोला सांगितला. तिने विचारलं की शिक्षा म्हणून बंद करताय, की लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून? 

९ जून

वहिनी आल्या. काठी आहे, पण टेकतात कमी. मैदानाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तर आल्या. चहा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सरळ मुद्द्यावर आल्या. नवी तुकडी कधी? रविवारपासून, आठ जण, पण रद्द करायचं चाललंय, म्हणालो.

"रद्द करू नका. पहिल्या दिवशी हे सगळं त्यांना सांगा. खुंटी काय असते, तुम्ही काय केलंत, का केलंत. खोटं बोललात तेही. मी येऊन बसणार आहे. गाळलंत तर मला कळेल."

मी म्हणालो, निम्मे निघून जातील.

"जाऊ द्या. उरतील त्यांना नीट शिकवा."

१५ जून

आज वर्ग झाला. बाकांवर आठ जण, शेवटच्या बाकावर वहिनी, शेजारी बायको. मी फळ्यावर गाडीची मागून दिसणारी आकृती काढली आणि बोलायला सुरुवात केली.

पहिल्यांदा 'एका शिकाऊ बाईंच्या गाडीच्या' असं म्हणालो. मागे वहिनी खाकरल्या. मग नीट म्हणालो, माझ्या वहिनींच्या गाडीच्या. फलकाबद्दल सांगितलं. म्हणालो, धीर वगैरे नंतर सुचलेलं आहे, खरं कारण म्हणजे माझ्या मैदानावर लोकांसमोर शंकू पडायला नको होते. हे असं सरळ मी या डायरीतही आधी लिहिलेलं नाही, मागची पानं चाळली तर दिसतं. बोलता बोलताच तोंडून निघालं. नीट झुकताय हे वाक्य सांगितलं. खडीचं सांगितलं. ते अडीच महिने सांगितले, त्याला सगळ्यात वेळ लागला.

एक जण उठून गेला. काही बोलला नाही, हेल्मेट घेतलं आणि गेला. त्याच्या पाठोपाठ त्याचा मित्र.

पुढच्या बाकावर एक नर्सबाई आहे, नव्यानेच गाडी घेतलेली. तिने हात वर केला. विचारलं, "मग त्यांनी तुम्हाला माफ केलं का?"

मी फळ्याकडे बघत म्हणालो, विचारलेलं नाही.

मागून वहिनींचा आवाज आला, वर्गातला, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "अजून नाही. तुम्ही शिकवा पुढे."

सहा जण मागे वळून बघत होते. ते पुन्हा माझ्याकडे वळेपर्यंत थांबलो. मग खडू उचलला आणि डावी बाजू काढायला घेतली.